राजाश्रय आणि लोकाश्रय : केंद्रीय संस्कृती मंत्रालय व आपली ज्ञानभांडारे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

पन्नास वर्षे हा संस्थेच्या जीवनातील मोठा टप्पा होय. आपला ट्रस्ट आकारास आला तो काळ भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाने भारावलेला होता. १९७४-७५ च्या त्या वर्षात सर्व संप्रदायांनी एकत्र येऊन एक ध्वज आणि एक प्रतीक स्वीकारले. त्याच सुमारास देशाच्या पातळीवर आणखी दोन गोष्टी घडल्या. आपण मात्र त्यांची नोंद फारशी घेतली नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम हा १९७२ साली संमत झालेला कायदा एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. आणि त्याच १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणणे व तो जतन करणे हे त्यांतील एक कर्तव्य. म्हणजे आपला ट्रस्ट, हा कायदा आणि हे कर्तव्य ही तिन्ही एकमेकांची समवयस्क भावंडे होत. पन्नास वर्षांत या भावंडांची एकमेकांशी ओळख किती झाली, हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावा, असे मनात आहे.

मंत्रालय : स्वरूप आणि मर्यादा

स्वातंत्र्यानंतर संस्कृतीचा कारभार शिक्षण खात्याकडे होता. पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या कारकिर्दीत १९५३ साली संगीत नाटक अकादमी आणि १९५४ साली साहित्य अकादमी व ललित कला अकादमी सुरू झाल्या. पुढे हा विभाग काही काळ मनुष्यबळ विकास मंत्रालयात होता, काही काळ पर्यटनाशी जोडला गेला आणि अखेर त्याला स्वतंत्र मंत्रालयाचे रूप आले. १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय अभिलेखागार, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय या सर्व संस्था आज याच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत.

विस्तार पाहिला तर हे मंत्रालय मोठे वाटते. साधने पाहिली तर ते लहान आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी सुमारे ३,३६० कोटी रुपयांची तरतूद होती. एकूण अर्थसंकल्प पन्नास लाख कोटींहून अधिक, म्हणजे शंभर रुपयांतील सात पैसेसुद्धा संस्कृतीच्या वाट्याला आले नाहीत. पुरातत्त्व विभागाकडे राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली साधारण ३,७०० स्मारके आहेत. २०१३ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अशा १,६५५ स्मारकांची पाहणी केली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडली नाहीत. पुढे २०२२ च्या अखेरीस मंत्रालयानेच संसदीय समितीसमोर ५० स्मारके नाहीशी झाल्याचे सांगितले : १४ नागरीकरणाने गिळली, १२ धरणांच्या व जलाशयांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही.

कोणाची निंदा करावी म्हणून हे सांगत नाही. ज्यांची नावे राजपत्रात छापली गेली, ज्यांच्यासमोर निळा फलक लागला, त्यांचीही जर ही अवस्था, तर ज्यांची नोंद कोठेच नाही अशा वास्तूंचे, मूर्तींचे आणि पोथ्यांचे काय होत असेल, याचा विचार आपण करावयास हवा. आपल्या समाजाचा बहुतांश वारसा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो सरकारी संग्रहालयात नाही. तो मंदिरांच्या गाभाऱ्यांत, मठांच्या कोठारांत आणि ट्रस्टच्या कपाटांत आहे.

लोकाश्रयाची आपली परंपरा

जतनाचा विचार आपल्याला कोणत्या सरकारने शिकविलेला नाही. स्मरणशक्ती क्षीण होत चालली, श्रुत लुप्त होईल, या चिंतेने गिरनारच्या गुहेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम लिपिबद्ध झाला. ज्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला ग्रंथाची पूजा झाली, ती आपली श्रुतपंचमी. श्वेतांबर परंपरेत वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले आणि तेथे कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी झाली. दोन्ही दिवशी ग्रंथ बाहेर काढावेत, झटकावेत, त्यांना हवा द्यावी, नवे वेष्टन घालावे, असा प्रघात होता. म्हणजे वर्षातून एकदा प्रत्येक भांडाराची तपासणी व्हावी, अशी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी धर्माचरणातच गुंफून ठेवली होती. आज आपण त्या दिवशी एका ग्रंथाची पालखी काढतो आणि बाकीचे कपाट बंदच राहते.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदानाला स्थान आहे. कर्नाटकात दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात ग्रंथ वाचविण्याचा याहून प्रभावी उपाय कोणता असणार?

अलीकडचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवला, जयधवला व महाधवला यांच्या ताडपत्री प्रती जुन्या कन्नड लिपीत होत्या. शतकानुशतके त्यांचे केवळ दर्शन घेतले जाई, वाचन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या श्रावकांनी पुढाकार घेतला आणि नक्कल करण्याचे काम सुरू झाले. त्याला कित्येक वर्षे लागली. पुढे अमरावतीस प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचे संपादन हाती घेतले. १९३९ साली पहिला खंड निघाला आणि सुमारे दोन दशकांत सोळा खंड पूर्ण झाले. कारंज्याच्या शास्त्रभांडारांतील अपभ्रंश ग्रंथ त्यांच्याच परिश्रमाने उजेडात आले; त्या मालेत डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' १९३१ साली प्रसिद्ध झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचा 'प्रवचनसार' १९३५ चा. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने तर प्राकृत, संस्कृत आणि प्राचीन मराठी जैन ग्रंथांचा एक वाचनीय खजिनाच उभा केला. यातील बहुतेक काम समाजाच्या पैशाने आणि विद्वानांच्या निष्ठेने झाले. संस्कृती मंत्रालय तेव्हा अस्तित्वातही नव्हते.

कायद्याची भीती आणि कायद्याचे शब्द

मग आज मंत्रालयाचा विषय कशासाठी? तर काळ बदलला आहे, धोके बदलले आहेत आणि एकट्या समाजाच्या बळावर सारे निभावेल अशी स्थिती राहिलेली नाही. परंतु सरकारचे नाव काढले की विश्वस्तांच्या बैठकीत एकच वाक्य ऐकू येते : "नोंद केली की सरकार ताबा घेईल." ही भीती खोलवर रुजलेली आहे. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे.

१९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, चित्र वा कलावस्तू ही पुराणवस्तू ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाच्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. दगडी, धातूच्या व लाकडी मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंद नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. तिच्यासोबत छायाचित्रे द्यावी लागतात. नोंद झाल्याने मालकी जात नाही. वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली तर ते कळवावे लागते, इतकेच. सक्तीने संपादन करण्याचा अधिकार कायद्याने शासनाला दिला आहे, हे खरे. पण त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे की, जी वस्तू प्रामाणिकपणे धार्मिक उपासनेसाठी वापरात आहे, तिला हा अधिकार लागू होणार नाही. ज्या मूर्तीची आपण रोज पूजा करतो, तिला या कायद्याने भय नाही, अभयच दिले आहे.

संरक्षण आणि उपासना एकत्र नांदू शकतात, याचे सर्वांत भव्य उदाहरण श्रवणबेळगोळ येथे उभे आहे. सुमारे इसवी सन ९८१ मधील गोम्मटेश्वराची मूर्ती पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. तरीही बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो थाटाने पार पडला. त्याच मूर्तीच्या पायथ्याशी मराठीतील प्राचीनतम ज्ञात लेखांपैकी एक कोरलेला आहे. मराठी भाषेच्या इतिहासाचा आरंभ शोधणाऱ्याला एका जैन तीर्थापाशी यावे लागते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

अडचणी नाहीत असे मात्र नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते. यात्रेकरूंसाठी निवास वा भोजनगृह बांधू पाहणाऱ्या संस्थांना याचा त्रास होतो आणि परवानगीचे कागद महिनोन्‌महिने फिरत राहतात. ही तक्रार रास्त आहे आणि ती योग्य ठिकाणी मांडलीच पाहिजे. पण हा नियम स्मारकाच्या परिसराचा आहे; कपाटातील पोथीच्या वा देव्हाऱ्यातील धातुमूर्तीच्या नोंदीशी त्याचा संबंध नाही. दोन्हींची गल्लत करून आपण नोंदीलाच नकार देतो, हे उचित नव्हे.

नोंद नसेल तर

नोंद नसण्याची किंमत काय असते? तामिळनाडूतील श्रीपुरंथन येथील मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचली होती. ती २०१४ साली परत आली, ती प्रामुख्याने पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्या मूर्तीची जुनी छायाचित्रे होती म्हणून. ही मूर्ती आमची, असे नुसते म्हणून चालत नाही. ते सिद्ध करावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने भारताला १५७ वस्तू सुपूर्द केल्या, त्यांत जैन मूर्तीही होत्या. परत आलेल्या मूर्तीच्या मागे छायाचित्राचा, नोंदीचा वा लेखाचा काही ना काही पुरावा उभा असावा लागतो. आता आपल्या मनाला विचारू या : उद्या आपल्या मंदिरातील एखादी पंचतीर्थी नाहीशी झाली, तर पोलीस ठाण्यात देण्यासाठी आपल्याकडे तिचे एक तरी स्पष्ट छायाचित्र आहे काय? तिची उंची, वजन, पाठीमागील लेख कोठे लिहून ठेवला आहे काय?

हस्तलिखितांच्या बाबतीत फेब्रुवारी २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. देशात सुमारे एक कोटी हस्तलिखिते असावीत, असा अंदाज आहे. मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्यांपैकी सुमारे ५२ लाखांची प्राथमिक नोंद झाली होती आणि सुमारे साडेतीन लाखांचे डिजिटल छायांकन पूर्ण झाले होते. म्हणजे बावीस वर्षांनंतरही जवळजवळ निम्मी हस्तलिखिते नोंदीच्या बाहेर राहिली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' हे नवे मिशन घोषित झाले. तरतूद साडेतीन कोटींवरून साठ कोटींवर नेली गेली आणि शैक्षणिक संस्था, संग्रहालये व ग्रंथालये यांच्याबरोबरच खाजगी संग्राहकांनाही त्यात सामावून घेण्याचे जाहीर झाले. हे दार आपल्यासारख्यांसाठीच उघडले आहे. पण दारापर्यंत आपण चालत जावयास हवे.

आणखी एक गोष्ट आनंदाची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा मंजूर केला. मराठी आणि प्राकृत या दोघींना एकाच दिवशी मान मिळाला, हा माय-लेकींचा सत्कार होता, असे मी मानतो. महाराष्ट्री प्राकृताचे धन मोठ्या प्रमाणात जैन आचार्यांनी सांभाळले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील जैन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी तयार केल्या, त्या चाळल्या तरी या धनाची कल्पना येते. परंतु दर्जा मिळाला म्हणून भाषा वाचत नाही. ज्या घरात प्राकृत स्तोत्र रोज म्हटले जाते, त्या घरात त्याचा अन्वय लावू शकणारा एक तरी मुलगा वा मुलगी असली पाहिजे. ते काम मंत्रालयाचा आदेश करू शकणार नाही.

जीर्णोद्धार की नवोद्धार?

आता थोडे स्पष्ट बोलण्याची अनुज्ञा मागतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंदिराच्या जीर्णोद्धाराचा संकल्प सोडला आहे, निधीही जमू लागला आहे. संकल्प पुण्यप्रद आहे. परंतु गावोगावी जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय चालले आहे, हे आपण सर्व जण पाहतो. काळ्या पाषाणावर तैलरंग चढतात. कोरीव खांबांना संगमरवरी पाट्या चिकटविल्या जातात. भिंतीतील शिलालेख फरशीच्या मागे कायमचा बंद होतो. धातूच्या मूर्ती लखलखीत दिसाव्यात म्हणून आंबट द्रव्यांनी इतक्या घासल्या जातात की पाठीवरील अक्षरे पुसट होऊन जातात.

त्या अक्षरांचे मोल काय? मूर्तिलेखात शक वा संवत् असतो, प्रतिष्ठा करणाऱ्या भट्टारकांचे वा आचार्यांचे नाव असते, गण-गच्छ असतो, दात्याचे कुल आणि ज्ञाती असते. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ साली 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ सिद्ध केला, तो अशाच मूर्तिलेखांच्या आणि ग्रंथप्रशस्तींच्या आधारे. एक लेख पुसला गेला की आपल्या कुळाच्या इतिहासाचे एक पान गेले. ते परत लिहिता येत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की, पहिला दगड हलविण्यापूर्वी चार गोष्टी व्हाव्यात.

पहिली, मंदिरातील प्रत्येक मूर्तीची, यंत्राची, शिलालेखाची आणि पोथीची क्रमांकवार सूची करावी. प्रत्येकीचे समोरून, मागून व लेखाचे जवळून छायाचित्र घ्यावे. सूचीची एक प्रत ट्रस्टच्या कार्यालयात, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक अन्य गावच्या विश्वासू संस्थेकडे ठेवावी.

दुसरी, जेथे कायद्याने नोंदणी आवश्यक आहे तेथे ती करावी. हस्तलिखितांची माहिती ज्ञान भारतम् अथवा नजीकच्या हस्तलिखित केंद्राकडे द्यावी. छायांकन आपल्याच वास्तूत, आपल्या देखरेखीखाली आणि लेखी करारानेच व्हावे. मूळ प्रत कोणाच्याही हाती पावतीशिवाय देऊ नये, मग मागणारा कितीही मोठा असो.

तिसरी, पोथ्यांना हाताळणीचे नियम लावावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या पिशवीत पोथी कोंडू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. लाकडी फळ्या, सुती लाल वेष्टन, कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड ही पूर्वजांची रीत आजही उपयोगी आहे. कीड वा बुरशी दिसल्यास मात्र घरगुती प्रयोग न करता प्रशिक्षित संधारकालाच बोलवावे.

चौथी, जीर्णोद्धाराच्या निधीतील शंभरातले पाच रुपये या ज्ञानधनासाठी वेगळे काढावेत. शिखराला कळस चढविणाऱ्या दात्याचे नाव आपण संगमरवरावर कोरतो. एका पोथीचे संधारण करणाऱ्या दात्याचे नावही त्याच पंक्तीत कोरले जावे. शास्त्रदानाचा अर्थ यापुढे असा घ्यावा लागेल. यातूनच दोन-तीन तरुणांना प्राकृत, मोडी व हळेकन्नड लिपी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देता येईल. ज्या गावात वाचणारा नाही, तेथे जपलेली पोथीही मुकीच असते.

समारोप

घटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदाने आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क आपल्याला दिला. एकोणपन्नासाव्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. आणि एक्कावन्न-क या अनुच्छेदाने तेच कर्तव्य नागरिक म्हणून आपल्यावरही सोपविले. हक्क आपला, जबाबदारी राज्याची आणि कर्तव्य पुन्हा आपले, असा हा क्रम आहे. मंत्रालय कायदा करील, तज्ज्ञ पाठवील, काही निधी देईल. पण आपल्या कपाटाची किल्ली आपल्यापाशी आहे. ते प्रथम आपणच उघडले पाहिजे.

जुने लेखक पोथीच्या शेवटी पुष्पिकेत वाचकाला विनवीत की, पाठ, कंबर, मान मोडून मोठ्या कष्टाने हे लिहिले आहे. पाण्यापासून, अग्नीपासून, उंदरांपासून याचे रक्षण करा. ते विनंतीपत्र कोणा राजाच्या नावे नव्हते. ज्याच्या हाती पोथी येईल त्याच्या नावे होते. आज ती आपल्या हाती आहे.

येत्या श्रुतपंचमीला आपल्या ट्रस्टच्या ग्रंथांची संपूर्ण सूची परमपूज्य मुनिवर्यांच्या चरणी अर्पण व्हावी, हीच या सुवर्णमहोत्सवाची खरी पूजा ठरेल. संस्थेच्या शतकमहोत्सवात बोलणाऱ्या वक्त्याला त्या सूचीतील प्रत्येक वस्तू जागेवर सापडो, अशी मंगल कामना करतो. 

जय जिनेंद्र.